मधुकाकांचा शनिवारचा फोन

मधुकाका खांबेटे कुठलाही कागद मागून वाचायला सुरुवात करायचे. लग्नाची पत्रिका असो, शाळेची नोटीस असो, हॉटेलातलं मेनूकार्ड असो, आधी शेवटचं पान. दोन हजार सहा साली शारजाला, अल मजाज भागातल्या एका इमारतीत आम्ही राहायला गेलो, तेव्हा समोरच्या दारातून हे गृहस्थ बाहेर आले आणि धड ओळख व्हायच्या आत म्हणाले, "नवीन नोकरी ना तुमची? मग इन्शुरन्सचं पुस्तक मिळालं असेल. आणा बघू." मी चहा टाकू का म्हणून विचारतेय आणि हे माझ्या पॉलिसीचं शेवटचं पान वाचत दारातच उभे! "पहिल्या पानावर कंपनी गोड बोलते," ते म्हणाले, "शेवटच्या पानावर खरं बोलते. बाळंतपण पहिल्या वर्षी कव्हर नाही हं तुम्हाला. जरा दमानं घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा नवरा नितीन आतून खो खो हसत होता.

काका दुबईत एका विमा ब्रोकरच्या ऑफिसात होते. मीही दुबईलाच जायची, त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत माझी जागा ठरलेली. शारजा-दुबई रस्त्यावर दीड दीड तास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकायच्या, आणि तेवढ्या वेळात काका मला विम्याचं शास्त्र शिकवायचे. मी अर्धी झोपेत. एक गोष्ट मात्र इतक्यांदा ऐकली, की झोपेतही म्हणून दाखवली असती. "फॉर्मवर काही म्हणजे काही लपवायचं नाही. शुगर आहे, लिहा. बायपास झालीय, लिहा. लपवलेलं नेमकं क्लेमच्या दिवशी वर येतं." शुक्रवारी सुट्टीला त्यांच्याकडे फॉर्म घेऊन येणाऱ्यांची रांग असे. साइटवर काम करणारे कोकणातले तिघे-चौघे तर इंटरनॅशनल सिटीहून बस बदलत यायचे. काका त्यांचे फॉर्म स्वतःच्या हाताने भरायचे आणि वर जेवू घालूनच पाठवायचे.

मुक्ता सातवीत असतानाच काकू गेल्या होत्या. मुक्ता ही एकुलती एक लेक. काकांनी तिला एकट्याने वाढवली, वेण्या घालण्यापासून. वेण्या वाकड्या व्हायच्या, पण पोरीने कधी तक्रार केली नाही.

दोन हजार आठच्या शेवटी मंदीने दुबईतल्या अर्ध्या क्रेन जागच्या जागी थांबल्या, तेव्हाच मुक्ता आजारी पडली. बारावीत होती. ल्युपस. शरीर आपलंच आपल्यावर उलटतं, तिच्या बाबतीत मूत्रपिंडांवर उलटलं होतं. दोन महिने ऑफिसच्या विम्यावर उपचार झाले, आणि मग एका गुरुवारी काकांना केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की विमा गेला. चार महिन्यांनी रास अल खोरला एका स्पेअर पार्ट्सवाल्याकडे नोकरी मिळाली, निम्म्या पगारावर. नव्या पॉलिसीचं पुस्तक हातात आल्यावर काकांनी शेवटचं पान वाचलं. आधीपासूनचा आजार कव्हर होणार नव्हता. त्यांना ते न वाचताही माहीत होतं.

मला हे कसं कळलं? मी पुण्याला निघाले होते. आपण सगळेच तिकडून औषधं आणतो, बॅगेत चितळ्यांची बाकरवडी आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या शेजारी शेजारी. काका चिठ्ठी घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "एवढं आणाल? डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा, एअरपोर्टवर विचारतात." चिठ्ठीवर नाव मुक्ताचं. मी काही विचारायच्या आत त्यांचे डोळे भरून आले. "कुणाला सांगू नका," म्हणाले. "आई नाही तिला. उद्या मी नसलो तर तिला कुणीतरी माणूस हवं. हे बाहेर गेलं तर कोण करेल हो तिच्याशी लग्न?"

मी शब्द दिला. मी एरवी तोंडाची फटकळ, पण शब्द पाळते. त्याचा मला अभिमानही होता.

पुढे काकांनी मुक्ताला अमेरिकेला पाठवलं. होती नव्हती ती बचत, पुण्याचा प्लॉट, सगळं घातलं. इमारतीतले लोक म्हणाले, वा, एमएस! काका मला गाडीत म्हणाले, "लोक मुलांना तिकडे पगारासाठी पाठवतात. मी पॉलिसीसाठी पाठवली." तिकडे नवा कायदा झाला होता, आधीचा आजार आहे म्हणून कुणालाही विमा नाकारता येणार नव्हता. मुक्ता शिकली, एका छोट्या फर्ममध्ये लागली. फर्म विमा देत नव्हती, तिने त्या कायद्याखाली स्वतःचा घेतला आणि तिची औषधं सुरळीत झाली. काकांनी तो कायदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि अर्थातच मागून वाचायला घेतला. नऊशेच्या वर पानं! "इथे शेवटच्या पानावर दगा नाही," ते म्हणाले. मी त्यांना इतकं खूश त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

आता श्रीधर. काकांचा धाकटा भाऊ, तीस वर्षं अमेरिकेत, स्वतःचा छोटा कारखाना, बारा माणसं कामाला. दर शनिवारी संध्याकाळी सहाला काकांचा त्याला फोन, स्पीकरवर, कारण काकांना फोनवर बोलताना कांदा चिरायची सवय. मी भाजीची वाटी द्यायला गेले की दोघांची मस्करी कानावर पडायची. पण श्रीधर त्या कायद्याच्या विरोधातल्या पक्षाचा. नुसता मत देणारा नव्हे, फलक घेऊन रस्त्यावर उभा राहणारा. कायदा रद्द करायचाच, म्हणून त्याच्या पक्षाने किती वेळा ठराव आणले, ते काकांना तोंडपाठ होतं. सुरुवातीला दोघं हसत हसत भांडायचे. मग हसणं कमी झालं. दोन हजार सोळाच्या निवडणुकीत श्रीधरचा पक्ष जिंकला आणि भांडणच तेवढं उरलं.

श्रीधर वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. "दादा, त्या कायद्याने माझा विम्याचा हप्ता दुप्पट झाला," तो कळवळून सांगायचा. "वीस वर्षांचा डॉक्टर बदलावा लागला. माझ्या माणसांना मी काय सांगू?" एका शनिवारी तो म्हणाला, "लोक धडधाकट असताना विमा घेत नाहीत आणि आजारी पडले की येतात. घर पेटल्यावर विमा उतरवायचा, तसं आहे हे. अरे, हे तूच मला शिकवलंस ना?"

खरंच होतं. गाडीत मीसुद्धा ते शंभरदा ऐकलं होतं, काकांचंच वाक्य, शब्दाला शब्द. काकांची सुरी थांबली. "मूर्ख आहेस तू," एवढंच म्हणाले आणि फोन बंद केला.

मी वाटी ठेवली आणि तोंड सोडलं. "काका, आता तरी सांगा त्यांना! सख्ख्या पुतणीचं आहे म्हटल्यावर माणूस असं बोलेल का? जगाला सांगता, काही लपवू नका म्हणून!"

"ते कंपनीला सांगायचं असतं हो, घरच्यांना नाही." त्यांनी कांदा बाजूला सारला. "श्रीला कळलं की त्याच्या बायकोला कळणार. ती तिकडच्या मंडळात मुक्तासाठी स्थळं बघतेय. एकदा लग्न होऊ दे, मग मी स्वतः सांगतो. इन्शाल्ला."

आणि मुक्ता? ती स्थळांना उभंच करत नव्हती. "बाबा, प्लीज, नॉट नाऊ," एवढंच. बापाला वाटे, लेक लाजतेय.

त्यानंतर फोन झाला नाही. शनिवारी सहा वाजता काका गॅलरीत उभे राहून समोरच्या खालीद लगूनच्या पाण्याकडे बघत राहायचे. समोरूनही फोन येत नव्हता. दोघंही खांबेटे, हेकट.

पुढच्या जुलैत तो कायदा रद्द करायचा का, यावर अमेरिकेच्या सिनेटमध्ये मतदान झालं, इथल्या शुक्रवारी सकाळी. काका नऊ वाजता आमच्याकडे आले, कारण अमेरिकन चॅनल आमच्याकडे लागायचा. मी उपमा केला होता, त्यांनी त्याला हात लावला नाही. "काका, त्यांच्या कायद्याचं आपल्याला काय एवढं?" नितीनने विचारलं. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, मी त्यालाही सांगितलं नव्हतं. श्रीधरच्याच पक्षातले काही जण फुटले आणि एका मताने कायदा वाचला. एका मताने! काका नॅपकिन तोंडावर धरून हमसून हमसून रडले. नितीन गोंधळून पाणी आणायला पळाला. जरा सावरल्यावर काका म्हणाले, "श्रीला आज फार वाईट वाटलं असेल."

फोन हातात घेतला आणि परत ठेवला. "आज केला तर खिजवल्यासारखं होईल. पुढच्या शनिवारी करतो."

ते पुढच्या पुढच्या शनिवारवर जात राहिलं. फेब्रुवारीत रास अल खोरला, ऑफिसबाहेर गाडी लावतानाच त्यांना अटॅक आला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. गाडी चालूच होती म्हणे. नितीनने कागदपत्रांसाठी दोन दिवस धावपळ केली आणि आम्ही काकांना पुण्याला नेलं. मी विमानात तीन तास रडले. वडील गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

मुक्ता आली, श्रीधरही आला. काकांसारखंच नाक, काकांसारखीच मान तिरकी करून ऐकायची ढब. चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर मुक्ताने डबी उघडून सात गोळ्या तळहातावर घेतल्या. श्रीधर समोर बसला होता. "ही कसली गं एवढी औषधं?"

"ल्युपस, काका. दहा वर्षं झाली," ती साधेपणाने म्हणाली. "बाबा डिडन्ट टेल यू?"

श्रीधरने तेच विचारलं जे तिकडचा कुठलाही माणूस आधी विचारेल. "विमा आहे ना तुला?"

"आहे ना. त्या कायद्यामुळे मिळाला. नाहीतर कुणी दिलाच नसता."

तो उठून मागच्या जिन्यात जाऊन बसला. मी पाणी घेऊन गेले. "लास्ट इयर मी बसने वॉशिंग्टनला गेलो होतो, तो रद्द करा म्हणून," तो म्हणाला. "फोटो पाठवला होता दादाला. त्याने तो बघितला असेल." मग मान वर करून मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"मग मला एक फोन का नाही केलात?"

मी म्हणणार होते, काकांना शब्द दिला होता. तोंडापर्यंत आलं आणि मला माझीच शरम वाटली. कारण नंबर माझ्याकडे होता. काकांनीच दिला होता, कधी काही झालं तर असावा म्हणून. आणि मी तो पहिल्यांदा लावला, तो ते गेल्याचं सांगायला.