तीन सूर्यांपलीकडून आलेली मागणी

आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. भांडण नसतं, आबांना ऐकू कमी येतं. अर्धं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, गेलं की सगळ्यांचेच कान जातात. तिथली माणसं मग समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. आबा तर तीन माग सोडून उभा असलेला माणूस कोणाला शिव्या देतोय हेही सांगू शकतात, आणि बऱ्याचदा सांगतातच.

गुजरातेत, लिंबायतला, वरच्या मजल्यावर एक खोली, वर पत्रा. आबांची आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपायचे आणि आम्ही फरशीवर पाय न आपटता चालायचो, कारण ते आवाजाने उठत नाहीत, हादऱ्याने उठतात. उरलेल्या जागेत मी आणि माय साड्यांवर खडे चिकटवायचो. ते बारीक चमचमते खडे सगळीकडे जायचे. अंथरुणात, केसांत, पिठात. भाकरी खाताना दाताखाली काही आलं तर आधी काढून बघायचं. साधा खडा असेल तर टाकायचा, साडीचा असेल तर धुऊन परत डबीत. मी बारावीला विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी पास झाले ती याच खोलीत, साडीची घडी मांडीवर आणि पुस्तक साडीवर ठेवून. हे मी अभिमानाने सांगते. ज्यांच्याकडे टेबल होतं त्यांनी त्यांचं सांगावं.

कॉलेजला आबांनी पाठवलं, पण एका वर्षासाठी. "एक वरीस जाय. पाहू मग." मग पाहायची वेळ आली तेव्हा धुळ्याकडचं एक स्थळ आलेलं होतं. मुलाकडच्यांना शिकलेली मुलगी हवी होती. किती शिकलेली? कॉलेजात गेलेली. आबांचं म्हणणं सरळ होतं. कॉलेजात तर गेली. झालं.

मी आठ दिवस त्यांना समजावत होते, आणि शास्त्र शिकणाऱ्या मुलीला शोभेल अशा पद्धतीने. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा. पदवीनंतर काय काय होऊ शकतं याचं चित्रच मी वहीत काढून दाखवलं. आबांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं शे तुनं."

त्याच आठवड्यात नाटक होतं.

आमचे फिजिक्सचे सर गुजराती. मनापासून शिकवायचे आणि समाज सुधारायची त्यांना फार हौस. आमच्या वस्तीत नवरात्रात बायकांच्या अंगात येतं, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. थेट जाऊन 'हे खोटं आहे' म्हटलं तर लोक बिथरतील, म्हणून त्यांनी युक्ती काढली. नाटक लिहिलं. एक अंतराळयान आहे. यानावरच्या तीन माणसांच्या अंगात परग्रहवासी शिरतात. घाबरून न जाता कप्तान त्यांची शास्त्रीय परीक्षा घेतो, खरे-खोटे वेगळे काढतो आणि यान वाचवतो. लोक यान बघतील आणि आपोआप आपल्या गल्लीचा विचार करतील, असा सरांचा हिशेब. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर निघाला. दुसरा तर सरांच्या अपेक्षेपेक्षा फारच बरोबर निघाला.

नाटक गुजरातीत होतं. वस्तीसाठी ते मराठीत मी केलं, म्हणून कप्तानही मीच. यानाची इंजिनीअर माझी मैत्रीण, आमच्याच गल्लीतली, माझ्याच वर्गातली. डॉक्टर आणि रेडिओवाला म्हणून वर्गातली दोन मुलं. कपडे चंदेरी कापडाचे, डाग पडला म्हणून बाजूला टाकलेल्या ताग्यातले. यानाची बटणं म्हणजे सूत गुंडाळायचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन, लाल-निळे रंगवलेले.

तालमीत एकच अडचण होती. सरांच्या मते परग्रहवासी शिरलेला माणूस दगडासारखा उभा राहतो. डोळा लवत नाही, चेहरा हलत नाही. कप्तान डोळ्यांवर बॅटरी मारतो. ज्याची पापणी लवत नाही, त्याच्यात परग्रहवासी. मैत्रिणीला हे काही केल्या पटेना.

"सर, अंगात आल्यावर माणूस गप कसा ऱ्हाईल?"

"हलवानुं नथी!" सर म्हणायचे. हलायचं नाही. "ते लोक थंड असतात."

"मग त्यांना आपल्याकडच्या अंगात यायचं कळतच नाही सर. माझ्या आत्याच्या अंगात येतं, चार बाया धरून ठेवतात तिला."

"त्याच्याच विरुद्ध तर आहे आपलं नाटक!"

"मी कुठं नाही म्हणते? पण विरुद्ध करायचं तरी बरोबर करा ना."

प्रयोग रविवारी दुपारी, वस्तीजवळच्या समाजाच्या वाडीत, म्हणजे लग्नकार्याच्या हॉलात होता. मी आबांना म्हटलं, या. मला वाटलं होतं, मुलगी कप्तान म्हणून उभी राहिलेली, सगळं यान तिचा हुकूम मानतंय, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं तर वहीतल्या चित्राने जे झालं नाही ते होईल. आबांची रात्रपाळी होती. झोप सोडून आले. तिसऱ्या रांगेत मायजवळ बसले आणि सरांचं भाषण सुरू होताच बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागले. सर अंधश्रद्धेविरुद्ध बोलले, मग दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडायचा विसरून, तो पूजेच्या थाळीतच ठेवून नाटकाला परवानगी दिली. थाळी स्टेजच्या कडेलाच राहिली.

पहिला प्रवेश चांगला झाला. मी हुकूम देत होते, कोन दाबले जात होते, लहान मुलं टाळ्या वाजवत होती. आबा जागे झाले होते. मी एका डोळ्याने तेच बघत होते.

मग परीक्षेचा प्रवेश आला. मी कडक आवाजात म्हणाले, "माझ्या यानावर कोणीतरी परकं आहे. प्रत्येकाचे डोळे तपासले जातील." आधी डॉक्टर. तो अजून माणूसच होता, त्याने ठरल्याप्रमाणे पापण्या मिटल्या. मग मैत्रीण. तिच्यात परग्रहवासी होता, म्हणून तिने ढिम्म राहायचं होतं. तालमीत आम्ही छोटी बॅटरी वापरली होती. त्या दिवशी कोणीतरी मोठी आणून दिली. मी ती तिच्या तोंडावर मारली आणि तिने खटाखट चार वेळा डोळे मिचकावले.

पहिल्या रांगेतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "हिच्यात काहीच नाही. सोड तिला."

सगळे हसले. मी पुन्हा बॅटरी मारली. पुन्हा पापणी लवली. सरांच्या शास्त्राप्रमाणे माझी इंजिनीअर आता निरोगी ठरत होती आणि नाटक तिथेच संपत होतं. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, विंगेत सरांकडे पाहिलं. मग तिने स्वतःच्या माहितीतली एकमेव गोष्ट केली. डोक्यावरची चंदेरी टोपी उडवली, अंबाडा सोडला आणि घुमायला लागली.

तिने ते इतकं बरोबर केलं की माझ्याच हातातली बॅटरी खाली आली.

वाडीतलं हसणं बंद झालं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. मघाच्या आजी उठल्या, थाळीतलं कुंकू घेतलं आणि स्टेजच्या कडेशी येऊन परग्रहवाशाच्या कपाळाला लावलं. त्यांच्यामागे दुसरी उठली. विंगेतून सर हात हलवत होते, "आ शुं? आ शुं?" म्हणजे हे काय. मला माझी पुढची वाक्यं पाठ होती. 'तू कोण आहेस? माझ्या यानावर कुठून आलीस?' पण तोंडातून आलं ते एवढंसं, आणि ते कोणीच ऐकलं नाही. कप्तान आपल्याच यानावर कुंकवाच्या रांगेच्या मागे उभी होती.

तेव्हा आबा उठले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं की प्रश्न विचारायला आबांनाच बोलावतात. इतर लोक त्या घुमण्याच्या आवाजाने दबकतात. आबांना तो आवाज फारसा पोचतच नाही, म्हणून ते निवांत विचारतात आणि उत्तर ओठांवरून वाचतात. घासाघीस करण्यात तर त्यांचा हात कोणी धरत नाही. कोंबड्याची मागणी नारळावर आणतात, पाच वाऱ्यांची एकावर. पण एक रीत पक्की आहे. ज्याने विचारलं, त्याने कबूल करायचं. विचारून मागे फिरायचं नाही.

आबा सवयीनेच उठले असणार. झोपही पुरी झालेली नव्हती. स्टेजपाशी येऊन खात्यातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोन शे तू? कथाईन उनी?"

कोण आहेस, कुठून आलीस. माझीच दोन वाक्यं, आमच्या अहिराणीत.

मैत्रीण घुमता घुमता म्हणाली, "लई दूरून. तीन सूर्यांच्या पल्याडहून." हे सरांनी लिहिलेलंच वाक्य होतं.

"इतली दूरून उनी माय. काय जोयजे तुले?" काय पाहिजे तुला?

पुढचं वाक्य होतं, 'आम्हाला हे यान हवं आहे.' ती म्हणाली, "ही कप्तान अजून दोन वर्षं कॉलेजात पाहिजे. नाहीतर यान खाली पडेल."

आबांनी कानामागे हात नेला. "आयकू नही उनं."

"काका," मागून कोणीतरी ओरडलं, "तुम्ही तर ओठ वाचता!"

वाडीभर खसखस पिकली आणि लगेच थांबली. आबा माझ्याकडे बघत होते. चंदेरी कपडे, हातात विझलेली बॅटरी. मग त्यांनी मायकडे पाहिलं. मायने स्टेजच्या दिशेने हात जोडलेले होते आणि डोळे मिटून घेतले होते, म्हणजे तिच्याकडून मदत मिळणार नव्हती. आबा पुन्हा वळले आणि त्यांच्या कामाला लागले.

"नारळवर भागी का?"

"नाही."

"बरं, एक वरीस."

"दोन." केस जोरात फिरले.

"एक वरीस आनि साडी."

"साड्या लई आहेत घरात. दोन!"

आठ दिवस मी मुद्दे मांडले होते आणि आबा एक इंच हलले नव्हते. आता ते एकेक पायरी उतरत होते, सगळ्या गल्लीसमोर, आणि मागणी करणारी माझी मैत्रीण होती, जिला परवाच मी माझं प्रॅक्टिकल लिहून दिलं होतं.

आबांनी थाळीतला नारळ उचलला, स्टेजच्या कडेवर आपटून फोडला आणि दोन्ही वाट्या तिच्यासमोर ठेवल्या. "दिधं. दोन वरीस दिधं. आते शांत व्हय माय."

मैत्रीण लगेच शांत झाली. खाली बसली, पाणी मागितलं. मागे रेडिओवाला, त्याच्याही अंगात नंतर परग्रहवासी यायचाच होता, तो हे पाहून थरथरायला लागला. "मला मोटारसायकल..."

"तू बठ रे," आबा म्हणाले. तो बसला.

सरांनी विंगेतून मला खूण केली, संपव. मी पुढे आले आणि शेवटचं वाक्य म्हटलं, "आता माझ्या यानावर फक्त माझीच माणसं आहेत." टाळ्या खूप पडल्या. सरांनी नंतर कॉलेजला अहवाल दिला की वस्तीतील नागरिकांनी कार्यक्रमात उत्स्फूर्त सहभाग घेतला. यात एक शब्दही खोटा नाही.

घरी, खोलीत आल्यावर मी म्हटलं, "आबा, ते नाटक होतं. तिच्या अंगात काही आलं नव्हतं." खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी विज्ञान शाखेची.

"माले कळत नही का?" ते म्हणाले. "तिना कपडा आमना खातामाना व्हता. मी वयखा." तिचे कपडे त्यांच्याच खात्यातले, ते त्यांनी ओळखले होते.

"मग?"

"मग काय? इचारं मी. नारळ मी फोडा. नाटकमा फोडा म्हनीसन तो जुडी जाई का?" नाटकात फोडलेला नारळही परत जुळत नाही, एवढं सांगून ते कूस बदलून झोपले. रात्री परत पाळीवर जायचं होतं.

धुळ्याकडच्यांना निरोप गेला. मुलीला शिकायचं आहे असा गेला असता तर त्यांनी वाद घातला असता. आबांनी कळवलं की नारळ फोडून दोन वर्षांचं बोलून बसलोय, आता मोडता येत नाही. ते लोक म्हणाले, असं असेल तर आम्ही मध्ये येणार नाही, आणि दुसरीकडे गेले. मैत्रिणीला मी नंतर विचारलं, तुला हे सुचलं कसं. ती म्हणाली, "सुचलं कुठं? मी माझं वाक्य विसरले होते. आठ दिवस तू तेच रडगाणं लावलं होतंस, तेच आठवलं."

वस्तीत अजूनही काही बायका तिला नवरात्रात बोलावतात. ती जात नाही. आबांना बोलावतात, ते जातात. आणि मी आजही सांगते की अंगात येणं वगैरे काही नसतं. प्रकाश डोळ्यावर पडला की पापणी मिटते, एवढंच मला सिद्ध करता येतं, आणि त्या दिवशी स्टेजवर ते चार-पाचदा सिद्धही झालं होतं.

दोन वर्षांत आबांनी लग्नाचा विषय एकदाही काढला नाही. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. पास झाले. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली.