कानमिस्त्रीची नळी

गॅरेजच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक त्याला कानमिस्त्रीच म्हणत. त्याच्या खांद्यावर कायम एक रबरी नळी असे. एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनावरून फिरवायचं. कुठे भेगेतून हवा आत ओढली जात असेल, तर त्या बारीक सुस्काऱ्यावरून तो नेमकी जागा दाखवी. या नळीने त्याचं नाव केलं होतं, आणि माणसाला आपल्या नावाचीच सगळ्यात जास्त भूल पडते.

नर्सबाईंची गाडी पुन्हा दारात आली तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तोच पिवळा इंजिनाचा दिवा. स्कॅनरचा निकालही तोच : मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्याने हवा मोजणारा सेन्सर साफ केला होता, फिल्टर बदलला होता, पंपाचा दाब तपासला होता. दिवा विझायचा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा डोळे वटारायचा.

"मिस्त्री," नर्सबाई म्हणाल्या, "पेशंट असा सारखा परत यायला लागला ना, की आम्ही म्हणतो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा."

"आज काय ते होऊन जाईल, बाई," तो म्हणाला. त्या गेल्यावर त्याने बॉनेट उघडलं.

गाडी जागेवर मंद चालू असताना तिचा कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत होता. इंजिनाचा वेग वाढवला की स्कॅनरवरचा आकडा ताळ्यावर येत होता. याचा अर्थ त्याला पाठ होता. सेन्सरला चुकवून हवा कुठून तरी आत घुसतेय. त्याने नळी कानाला लावली आणि एकेक सांधा, एकेक पाइप पालथा घातला. काहीच नाही. "गळती नाही," तो स्वतःशीच म्हणाला.

शेजारच्या खोलीत त्याची बायको गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. ती खडू शोधत बाहेर आली आणि बॉनेटजवळ थबकली.

"अहो, हे काय फुसफुसतंय?"

"कुठे?"

"इथे, मागे. सायकलची हवा जाते ना, तसं."

"नळी लावूनही मला येत नाही, आणि तुला नुसत्या कानाने येतंय?"

"मला येतंय बाई."

त्याने क्लीनरचा डबा घेऊन तिच्या बोटाच्या रोखाने फवारा मारला. फवारा आत ओढला गेला आणि इंजिनाचा सूर एकदम चढला. एवढं मात्र त्यालाही ऐकू आलं. त्याने इंजिन बंद केलं आणि तिथला पाइप सोडवून वाकवला. वळणाच्या खालच्या अंगाला रबर चिरलं होतं.

तो चिरलेला पाइप हातात धरून तो स्टुलावर बसला. त्याला मेहुणा आठवला.

बायकोचा धाकटा भाऊ या गॅरेजमध्ये त्याच्या हाताखाली तयार झाला होता. अशाच एका पातळ मिश्रणाच्या गाडीवर तो म्हणाला होता, "दाजी, मागे हवा ओढतेय. फवारा मारून बघू." कानमिस्त्रीने नळी फिरवली, काही ऐकू आलं नाही, आणि गिऱ्हाइकांसमोर तो गरजला, "फवारे मारायला ही काय बाग आहे? ज्याला कान नाहीत त्याने या धंद्यात पडू नये!" मेहुण्याने हात पुसले, बहिणीकडे एकदा पाहिलं आणि तो गेला. ती गाडी नवा पंप बसवून बाहेर पडली; गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही. चांगला पंप त्याने काढून फेकला होता, आणि पोरगाही.

"त्याचं बरोबर होतं," तो म्हणाला.

बायको खडू बोटांत फिरवत राहिली. "मला तेव्हाही ऐकू आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चार माणसांत तुम्हाला खोटं पाडायचं? वाटलं, रुसलाय, येईल परत. तो शेवटी माझ्याकडे बघत होता हो."

त्याने फोन काढला आणि मेहुण्याला लावला. तो आता दूरच्या शहरात एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होता.

"मी दाजी बोलतोय. चूक माझी होती रे. कान माझेच गेलेत. ये परत. गॅरेज तूच बघ."

पलीकडून आवाज आला, पण मागच्या यंत्रांच्या घरघरीत त्याला शब्द लागेनात. त्याने फोन बायकोच्या हातात दिला. ती ऐकत राहिली, "हं... हो रे... जप स्वतःला," म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

ती पदराने उगाच फोनची काच पुसू लागली. "कामात आहे म्हणाला. सवडीने..."

"खरं सांग."

तिने मान वर केली. "येणार नाही म्हणाला. राग नाही, पण तिकडे बस्तान बसलंय. आणि म्हणाला, दाजींना कान तपासून घ्यायला सांग."

त्याने मान डोलावली. नवा पाइप बसवला, पट्टी आवळली, इंजिन चालू केलं. स्कॅनरवरचा आकडा हळूहळू जागेवर आला. मग त्याने खांद्यावरची नळी काढून बायकोपुढे धरली.

"पुढची गाडी आली की जरा बाहेर येत जा. ऐकायला."

"येईन," नळी घेत ती म्हणाली. "पण आता जे ऐकू येईल ते सांगणार. समोर कोणीही असो."