लेकीच्या मागावर

सेत्सुयो कुसाकाबे रोज सकाळी साकाईतल्या एका सुपरमार्केटमध्ये बाजाराला जायची आणि संध्याकाळपर्यंत काही म्हणजे काही विकत घ्यायची नाही. टोपलीत एक मुळा, तोफूचं खोकं आणि कालचं सवलतीतलं पावाचं पाकीट टाकून ती फडताळांच्या रांगांतून फिरत राहायची. बेताची उंची, आवाज न करणारे बूट आणि बघितल्यावर लगेच विसरून जावा असा चेहरा. त्या चेहऱ्याचाच तिला पगार मिळायचा. उचलेगिरी करणाऱ्यांना पकडायला दुकानाने ठेवलेली ती साध्या कपड्यांतली पहारेकरीण होती. चोर गणवेश बघून सावध होतो, मुळा दाबून बघणाऱ्या बाईकडे तो ढुंकूनही बघत नाही.

असलं काम संध्याकाळी टोपलीबरोबर दुकानात ठेवून येता येत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, सेत्सुयो पाणीसुद्धा फुंकून प्यायची. शेजारीण घरची तेंदूफळं घेऊन आली, तर हिची नजर आधी तिच्या बाह्यांकडे जायची. नवरा हिदेओ शहर बसचा ड्रायव्हर, शांत गडी. तो म्हणायचा, "मी माझ्याच घरात दोन्ही हात टेबलावर ठेवून बसतो. उगाच कशाला?"

त्या धंद्याचा एक नियम होता. माणूस दाराबाहेर पाऊल टाकेपर्यंत त्याला हटकायचं नाही, कारण आत असेपर्यंत तो म्हणू शकतो, "देणारच होतो की पैसे!" आणि चूक तर होऊच द्यायची नाही. सेत्सुयोच्या जोडीदारणीने एकदा एका निरपराध म्हातारीला अडवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मॅनेजर त्या बाईला घेऊन म्हातारीच्या घरी गेला, दोघांनी उंबऱ्याशी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. म्हातारीने चहा दिला, त्यांनी माफीसाठी आणलेलं मिठाईचं खोकं मात्र परत केलं. ती जोडीदारीण त्यानंतर फार दिवस टिकली नाही. तेव्हापासून सेत्सुयोने खूणगाठ बांधली की खात्री होईपर्यंत फक्त बघायचं आणि तोंड उघडायचं नाही.

आणि अशा बाईची एकुलती एक मुलगी नाचायला लागली.

चिनात्सु हायस्कूलच्या नृत्यपथकात गेली आणि घरी उशिरा यायला लागली. गुडघ्यांवर निळे डाग, दप्तरात लाल लिपस्टिक, जेवताना डोळे मिटलेले. दुसरी कुठलीही आई म्हणाली असती, "कुठे होतीस गं इतका वेळ?" सेत्सुयोने विचारलं नाही. कुठंतरी पाणी मुरतंय हे तिला कळलं होतं, आणि विचारलं की चोर सावध होतो, हेही. ती मागावर गेली.

स्टेशनाजवळच्या बँकेची इमारत काळ्या काचेची होती. बँक बंद झाली की तिच्यासमोर शाळांच्या पोरी जमायच्या. ओसाकाकडच्या पोरींना कुठली आलीय आरशांची खोली? मोठी काच दिसली की तिथे नाच. चिनात्सुही त्यांच्यात होती. सेत्सुयो त्यांच्या पाठीमागे खांबाआड उभी राहिली. पोरी तेच ते पाऊल पुन्हा पुन्हा घोटत होत्या. त्या दिवशी काहीच हाती लागलं नाही. त्याने एखाद्याचं समाधान झालं असतं, सेत्सुयोने त्यातून एवढंच काढलं की चोर हुशार आहे. ती पुन्हा गेली, मग पुन्हा पुन्हा जात राहिली. लेक कशी नाचते, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तिच्याकडे कोणकोण बघतंय, हे मात्र तिने घडाघडा सांगितलं असतं.

चिनात्सु ओसाकातल्या कॉलेजात गेली, तिथेही नाचाच्या मंडळात शिरली. दुसऱ्या वर्षी शिन्साइबाशीच्या बाजारात एका माणसाने तिला थांबवून आपलं कार्ड दिलं. टोकियोची कंपनी, पॉप गाणाऱ्या मुलींचा नवा ग्रुप काढायचा होता. चिनात्सुने ते कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"ऑडिशनला बोलावलंय," ती म्हणाली. "निवड झाली तर कॉलेजातून सुट्टी घेईन म्हणते."

सेत्सुयोने कार्ड उजेडात धरलं. "कागद चांगला आहे."

"आई, कागदाचं काय घेऊन बसलीस!"

"चांगला आहे म्हणूनच म्हणते. चांगल्या माणसांना इतका चांगला कागद लागत नाही."

हिदेओ सूप पिता पिता हसला. "जाऊ दे तिला. नाही जमलं तर माझी बस आहेच तिला घरी आणायला."

सेत्सुयो लेकीला हो म्हणाली. मग बहिणीकडे चालले असं सांगून गाडीने टोकियो गाठलं आणि त्या कंपनीच्या कचेरीसमोरच्या कॉफीच्या दुकानात दिवसभर बसली. ती परत आल्यावर हिदेओने विचारलं,

"काय म्हणते तुझी बहीण?"

"कुंड्यांतली झाडं खरी आहेत," सेत्सुयो म्हणाली. "फसवणाऱ्यांच्या कचेरीत प्लॅस्टिकची असतात. पाणी कोण घालत बसणार?"

"म्हणजे ठीक आहेत माणसं?"

"झाडं ठीक आहेत म्हटलं मी."

चिनात्सुची निवड झाली. पाच मुलींचा ग्रुप, प्रत्येकीला एक रंग. चिनात्सुचा पिवळा. गाण्यात ती मधे नसायची, अगदी कडेला असायची. पण संगीत सुरू झालं की नजर हळूहळू कडेकडे सरकायची, असं जाणते रसिक म्हणत. टीव्हीवर दिसली, शीतपेयाच्या बाटलीवर छापून आली. सेत्सुयोच्या दुकानात त्या बाटल्या दाराजवळच रचल्या होत्या. तिथे काम करणं तिला अवघड जाई, म्हणून ती मागच्या रांगेत मासळीकडे राहायची.

ग्रुप ओसाकाला आला की सेत्सुयो लेकीला न सांगता तिकीट काढून जायची. लेकीसाठी नाही, असं ती स्वतःला बजावायची. समोर कसली माणसं जमतात ते बघायला. आणि जमणारी माणसंही काही दूधखुळी नव्हती. चाहत्यांसारखा हातात आवडत्या मुलीच्या रंगाचा दिवा नाही, गळ्यात टॉवेल नाही, गाण्याकडे न बघता लोकांकडेच बघणारी ही बाई त्यांच्या डोळ्यांत भरली. एक दांडगा गृहस्थ येऊन अदबीने म्हणाला, "काकू, तुम्ही कुणाच्या?"

कुणाच्या, म्हणजे पाचांतल्या कुणाच्या चाहत्या. सेत्सुयो घाबरली. खरं नाव ओठावर आलं तर ही माणसं साकाईच्या दारापर्यंत येतील. पाचांतल्या दुसऱ्याच एकीचं नाव तोंडाला आलं, ते तिने सांगून टाकलं. "मिरेइच्या."

"मग असं कोरडं काय उभं राहायचं! मिरेइचा हिरवा!" त्याने आपला जादा हिरवा दिवा तिच्या हातात दिला, आरोळी कधी ठोकायची तेही शिकवलं. झालं. पुढे तीन-चार वर्षं सेत्सुयो पोटच्या पोरीच्या कार्यक्रमात हिरवा दिवा हलवत मिरेइच्या नावाने ओरडत राहिली. मोठ्याने ओरडायची. खोटं पचवायचं तर अर्धवट करून चालत नाही.

मग ग्रुप मोडला. रडारड झाली, शेवटचा कार्यक्रम झाला. मिरेइचं लग्न ठरलं, तिघी आपापल्या गावी परतल्या. चिनात्सु टोकियोतच राहिली.

"काम आहे का काही?" सेत्सुयोने फोनवर विचारलं.

"आहे."

"कसलं?"

"असंच."

दुकानामागच्या खोलीत पकडून आणलेल्या माणसांना सेत्सुयो वर्षानुवर्षं विचारत आली होती, पिशवीत काय आहे? 'असंच' म्हणणाऱ्याच्या पिशवीत दर वेळी काहीतरी निघालं होतं. नाचणारीला नाच नाही, गाणारीला गाणं नाही, घरभाडं तर चुकत नाही. ही पोर जगते कशावर? सेत्सुयोने टोकियोचं तिकीट काढलं. तिने रजा टाकली.

नेरिमा भागात चिनात्सुच्या खोलीपासून ती मागे लागली. दुपारची वेळ. चिनात्सु एका सुपरमार्केटपाशी थांबली. तिथे एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. दोघं बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि वेगवेगळे आत गेले.

सेत्सुयोही टोपली घेऊन आत शिरली. त्यानंतर तिने जे पाहिलं ते जन्मभर पाहत आली होती. म्हातारा रेंगाळत होता, वस्तू उचलून परत ठेवत होता. थोड्या अंतरावर चिनात्सु होती. टोपली रिकामी, नजर सगळीकडे भिरभिरतेय, मधेच कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे. चोरासाठी टेहळणी करणारी साथीदार हुबेहूब अशीच असते. खाऊच्या रांगेत म्हाताऱ्याने चॉकलेटचं खोकं कोटाच्या आत सरकवलं. चिनात्सुने ते पाहिलं आणि काही केलं नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. सेत्सुयो निघून गेली असती तर तिला कुणी विचारणार नव्हतं. पण दुकानाच्या माणसाने पकडलं तर उद्या पिवळ्या रंगाच्या त्या मुलीचं नाव फोटोसकट साऱ्या देशात छापून येईल, आणि पोरीचं आयुष्य तिथेच संपेल. त्यापेक्षा आईने पकडलेलं बरं. सेत्सुयो अंतर राखून मागे राहिली. दोघं पैसे न देता काउंटरवरून पुढे गेले आणि दाराबाहेर पडले. सेत्सुयोने लेकीच्या दंडावर हात ठेवला आणि सवयीने तोंडातून तेच वाक्य निघालं.

"माफ करा. पैसे द्यायचे राहिलेत ना?"

चिनात्सु वळली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग अगदी शांत झाला. तिने आपली पिशवी उघडून आईपुढे धरली. पाण्याची बाटली, कंगवा आणि कागदांची एक चळत.

म्हातारा धावत आला. "अहो बाई, थांबा, थांबा! हे माझं आहे, घरून आणलंय!" त्याने कोटातून चॉकलेटचं खोकं काढलं, ते अर्धं खाल्लेलं होतं. "मी शिन्जो. अशाच दुकानांत साध्या कपड्यांत पहारा करायचो, आता निवृत्त झालो. इथल्या मॅनेजरला विचारून यांना काम शिकवतोय. मी चोर, या पहारेकरी. टीव्हीच्या मालिकेत यांना पहारेकरणीची भूमिका मिळालीय." त्याने सेत्सुयोच्या बुटांकडे बघितलं, टोपली धरण्याच्या पद्धतीकडे बघितलं. "तुम्ही आमच्यापैकीच दिसता. मग बरोबर आहे तुमचं. चोर आणि नवशिका पहारेकरी लांबून सारखेच दिसतात." एवढं बोलून, दोघींची तोंडं बघून, तो सायकली लावल्या होत्या तिकडे जाऊन उभा राहिला.

सेत्सुयोने उभ्या आयुष्यात चुकीच्या माणसाला हात लावला नव्हता.

"पहारेकरणीची भूमिका," ती कशीबशी म्हणाली. "आणि शिकायला तुला परका माणूस लागला? घरात आई होती ना?"

"तुला विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं."

"काय सांगावं लागलं असतं?"

"मला माहीत आहे ते." चिनात्सु पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "आई, आम्ही बँकेच्या काचेत बघून नाचायचो. तू आमच्या मागे खांबाआड उभी असायचीस. काचेत सगळं दिसतं गं. पहिल्याच दिवशी दिसलीस."

सेत्सुयोला वाटलं, पायाखालची फरशी सरकली. दुकानातल्या प्रत्येक आरशाचा कोन तिला पाठ होता. ती सारखी पोरीभोवतीची माणसं निरखत होती आणि समोर आरसा आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मैत्रिणी विचारायच्या, त्या काकू कोण? मी म्हणायचे, माहीत नाही," चिनात्सु म्हणाली. "या मालिकेच्या ऑडिशनला सांगितलं, कुणाच्या तरी मागे चालून दाखवा. बाकीच्या मुली लपतछपत चालल्या. मी तुझ्यासारखी चालले, अगदी शांत, दुसरीकडेच बघत. दिग्दर्शक म्हणाला, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, घरी."

"ओसाकाच्या कार्यक्रमांनाही..."

"हिरवा दिवा. दिसायचा ना. मिरेइच्या नावाने ओरडणारी माझी आई मला दर वेळी दिसायची. मी तरी नाचत राहायचे."

सेत्सुयोने मान खाली घातली. मनात हजार गोष्टी आल्या: काळजी होती, जग वाईट आहे, तू एकुलती एक. त्यातली एकही बाहेर पडेना. शेवटी ती म्हणाली, "मी शिकवू का? मला येतं."

चिनात्सुने पिशवीचा बंद बोटावरून सोडवला. "चल आत. तू पुढे हो. मी मागे येते."

दोघी पुन्हा दुकानात शिरल्या. सेत्सुयोला वाटलं, यात काय कठीण? आयुष्य गेलंय या रांगांमध्ये. ती भाजीपाशी गेली, आळंब्यांचं पाकीट उचललं आणि परत ठेवलं. ठेवताना वाटलं, परत ठेवलेलं दिसलं असेल. तिने ते पुन्हा उचललं. मानेमागे काहीतरी टोचायला लागलं होतं. चिनात्सु कुठे आहे ते कळत नव्हतं. डावीकडे असेल, की त्या ढिगाआड? कपाळावर घाम आला. रुमाल काढायला तिचा हात पर्सकडे गेला आणि मधेच थांबला. पर्समध्ये हात घातलेला बघून पोर काय समजेल? ती हात लोंबकळत ठेवून चालू लागली, आणि तसं चालणंही वेडंवाकडंच दिसत असणार. मिसोच्या फडताळापाशी तिला पुढे पाऊलच टाकवेना. ती गर्रकन वळली.

"बास गं चिनात्सु," ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं. "मी काही केलेलं नाही!"

चिनात्सु चार पावलांवर रिकामी टोपली घेऊन उभी होती.

"मीपण नव्हतं केलं, आई."