तीन मारले, दिसले का?

सनीव्हेलजवळ रुळालगत एक मराठी मुलगा हातोड्यासकट पकडला गेला, ती घटना आजही आठवते. दोन हजार सहाच्या सुमारास मी तिथल्या एका लहान शहरात डिटेक्टिव्ह होतो. पोलीस ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच, म्हणून फाइल माझ्या टेबलावर आली.

खबर फलाटावरच्या एका हिंदी भाषक बाईंची. तो माणूस जमिनीवर हातोडा मारत फोनवर म्हणत होता, "तीन मारले. दिसले का? अजून एक मारू?" बाईंना कळलं ते एवढंच, की तीन गेले आणि चौथा जाणार. त्यांनी आम्हाला फोन लावला. नेमकी तेव्हाच रुळालगतची फायबर केबल बंद पडली. योगायोगाला पुरावा म्हणायची आमच्या खात्याला फार घाई.

मुलगा नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला. त्याचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला.

"काका, मी तर केबल टेस्ट करत होतो जी."

"इथे काका नाही, ऑफिसर. हातोड्याने टेस्ट?"

"हो ना. काचेच्या तारेतून लाइट सोडतो. जमीन हलली की परत येणारा लाइट बदलतो आणि ऑफिसातल्या स्क्रीनवर जागा दिसते. उद्या रुळावर दगड पडला तर ट्रेन पोचायच्या आधी कळेल. मी मारतो, मित्र बघतो."

"मग तुटली कशी?"

"तेच बघू द्या ना मला. तुटल्या जागेवरूनही लाइट परत येतो."

त्याच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांनी मात्र चौकशी संपेपर्यंत लाइट सोडणाऱ्या यंत्राला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम काढला होता. मुलाला काढायचंही त्यांच्या मनात पक्कं होत आलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. मी सार्जंटची परवानगी काढून त्याला कंपनीत नेलं. पोलीस दारात आल्यावर साहेबांचा हुकूम जरा सैल झाला. मुलाने यंत्र लावलं आणि नकाशात बोट ठेवलं ते थेट पुढच्या स्टेशनच्या पार्किंगवर.

तिथे तंबू, फुगे आणि व्यासपीठ. नव्या इमारतीचं भूमिपूजन नुकतंच आटोपलं होतं. पाहुण्यांचं चंदेरी फावडं लोण्यासारखं आत जावं म्हणून ठेकेदाराने आधी यंत्राने खड्डा खणून माती भुसभुशीत करून ठेवली होती. खाली केबलचं तुटकं टोक.

"खणण्याआधी केबलवाल्यांना विचारलं नाही?"

"खोदकाम पुढच्या आठवड्यात आहे," ठेकेदार शांतपणे म्हणाला. "ही फक्त सेरेमनी होती."

केबल बंद पडली तेव्हा मुलगा दुसऱ्याच स्टेशनाशी होता, याची साक्ष दिली ती खबर देणाऱ्या बाईंनीच. ठाण्यातून निघताना त्या त्याला म्हणाल्या, "बेटा, मारा-मारा क्यों बोलते हो?"

"आंटी, ठोका बोलता तो और फँसता."

त्याची नोकरी टिकली. संशयिताला बोलतं कसं करायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. कधी कधी त्याला त्याचं काम करू द्यायचं असतं, हे मला त्या मुलाने शिकवलं. पुढे चौकशीत 'काय केलंस?' याआधी मी 'काय काम करतोस?' हे विचारू लागलो, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकू लागलो. बरीच माणसं त्यामुळे संध्याकाळी आपल्या घरी जेवायला गेली.