पालथ्या हातांचा दुवा

आमच्या कोकसाय गावात कोणी लांबच्या वाटेला निघालं की सामान गाडीत चढल्यावर एकच प्रश्न उरायचा, शारशेनआके आले का? ते येत, पांढरी टोपी नीट करत, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरत आणि हळू आवाजात म्हणत, वाट मोकळी असो, घोडा न अडखळो, गेलात तसे परत या. आम्ही सगळे तळवे उघडून उभे असायचो. ‘ओमिन’, म्हणजे तसंच होवो, म्हणून तोंडावरून हात फिरवला की मगच चाक हलायचं. सैन्यात जाणारी मुलं, रशियात मजुरीला जाणारे बाप, सगळे त्यांच्या हातांखालून गेले. माझ्या यजमानांना इस्पितळात नेलं त्या सकाळीही तेच आले होते. यजमान परत आले नाहीत, पण त्याचा दोष त्या हातांना कोणी दिला नाही.

शारशेन त्यांचं नाव, आके हे थोरल्याला मानाने लावतात. त्यांची सगळी उमर जंगलराखणीत गेली. माझे यजमान वनकचेरीत इंजिनियर होते, त्यामुळे लग्न होऊन या खोऱ्यात आले तेव्हापासून मी त्यांना ओळखते. बुटका माणूस, घोड्यावर बसून बसून पाय कमानीसारखे झालेले. वाहत्या पाण्यात थुंकू नये हे इथल्या पोराला बोलायच्या आधी कळतं, पण त्यांचं वेड त्याहून पुढचं होतं. घोडा झऱ्याजवळ मुतला तर खाली उतरून त्याला बापाच्या नावाने शिव्या घालायचे.

नोकरी संपल्यावर त्यांच्या जुन्या मित्राचा मुलगा आर्गेन शहरातून एक सायकल घेऊन आला. जाड टायर आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. शारशेनआके त्या वयात तिच्यावर बसले, खाजकुयलीत पडले, उठून पुन्हा बसले. आर्गेन परदेशी लोकांना असल्या सायकलींवर हिंडवण्याचा धंदा करायचा आणि त्याला मुरमाच्या वाटा हव्या होत्या. त्या शारशेनआकेंकडे होत्या. सोव्हिएत काळात लाकडं ओढायला पाडलेले रस्ते, वर गवत माजलेलं पण खाली मुरूम अजून पक्का. नदीच्या काठाने, ओंडक्यांच्या पुलावरून, करागायच्या उंच सूचिपर्णी झाडांतून थेट वरच्या कुरणापर्यंत. त्यांनी स्वतः दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या. पहिली दोन-तीन वर्षं चार-सहा जण यायचे, त्यांच्या घरी जेवायचे. सून बुरुलचा भाकऱ्या भाजायची. आपलं जंगल बघायला माणसं समुद्रापलीकडून येतात, याचं त्यांना लहान मुलासारखं अप्रूप होतं.

मग आर्गेनने शर्यत भरवली. निघतानाचा दुवा शारशेनआकेंनीच दिला. दोनशेवर सायकली त्या वाटेने वर गेल्या.

शर्यत होऊन गेल्यावर एका सकाळी बुरुलचा चहाच्या समोवारसाठी झऱ्यावरून येणाऱ्या पाटावर पाणी भरत होती. पांढरं काहीतरी वाहत आलं. लोकर असेल म्हणून तिने ते हाताने उचललं. ती लोकर नव्हती. ती किंचाळली नाही, नुसता हात लांब धरून उभी राहिली, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

शारशेनआके फावडं घेऊन वर निघाले. मी रबरी हातमोजे घालून सोबत गेले. झऱ्याच्या दोन्ही अंगांना, एकेका करागायच्या मागे माणसाची घाण पडली होती आणि प्रत्येक ढिगावर कागद, जणू ज्याने त्याने आपापला झेंडा रोवला होता. हिरव्या माश्या घोंघावत होत्या. सायकलवाले ताकदीसाठी चोखतात ती गोड चिकाची पाकिटं अर्धी चाटून फेकलेली, त्यांत मुंग्या अडकून मेलेल्या. एक वासरू ओला कागद रवंथ करत उभं होतं. झऱ्याच्या उगमापाशी एक सपाट दगड आहे. मूल होत नसलेल्या बायका त्यावर भाकरी ठेवतात. कोणीतरी नेमका तो निवडला होता. माझ्या पोटातलं सगळं तिथेच बाहेर आलं, म्हणजे त्या घाणीत माझीही भर पडली. शारशेनआकेंनी तो दगड राखेने आणि वाळूने घासला. उघड्या हातांनी. त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवताना हात हुंगायचे.

गावाला काय वाटलं? गाव हसलं. खालच्या आळीचा म्हातारा मामिरकान, ज्याला शर्यतवाल्यांनी एक टोपी दिली होती आणि जी तो झोपतानाही काढत नसावा, ढेकर देऊन म्हणाला, “पाहुण्याचं पोट काय पाहुण्याच्या मालकीचं असतं?” लोकांना हे फार शहाणपणाचं वाटलं. तेच लोक पाणी मात्र उकळून पिऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात आर्गेन पुन्हा आला. बुरुलचाने चहा ओतला. मी तिथेच होते.

“आके, या वेळी संडास लावतोय,” तो म्हणाला. “दोन निळी खोपटी, मैदानात.”

“आणि वर?”

“वर जीपगाड्याच जेमतेम चढतात, खोपट्यांचा ट्रक नाही.”

“मग शर्यत खालच्या खोऱ्यातून ने. वाट मी दाखवतो.”

“खाली फोटो कशाचे काढू? बटाट्यांचे?” आर्गेन हसला. “तुम्ही फक्त सकाळी येऊन दुवा द्या. मागच्या वेळचा व्हिडिओ जगभर लोकांनी बघितलाय.”

“पाण्यावरून जाणार असशील तर मला बोलावू नकोस.”

आर्गेनने त्यांना मिठी मारली. म्हाताऱ्याचा रुसवा, असं त्याला वाटलं असावं. निघणाऱ्याला दुवा नाकारणारा म्हातारा आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही.

शर्यतीच्या सकाळी शारशेनआके आले. अंघोळ केलेली, टोपी कोरी. मैदानात सायकलस्वार रांगेत, कडेला गाव, मागे तंबू आणि अन्न भरलेल्या जीपगाड्या, त्यांचे ड्रायव्हर आमच्याच खोऱ्यातले. सगळ्यांनी तळवे उघडले. शारशेनआकेंनीही हात वर केले आणि पालथे केले. हाताची पाठ आभाळाकडे, बोटं मातीकडे.

पालथा दुवा मी तोवर फक्त गोष्टींत ऐकला होता. बाप मुलाला टाकतो तेव्हा देतो तो. तो खरा नसला तर देणाऱ्यावरच उलटतो, म्हणून कोणी देत नाही.

“हे पाणी ज्यांनी घाण केलं,” ते नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, “आणि जे जाणूनबुजून करायला निघालेत, त्यांच्या पायाखाली वाट न राहो.”

सायकलस्वारांना वाटलं, विधीच असा आहे. त्यांनीही हात पालथे केले, हसत हसत. एका उंच बाईने शेजाऱ्याचे तळवे हाताने धरून उलटे करून दिले. दोनशे माणसं स्वतःला शाप देत उभी होती आणि त्याचं चित्रण चाललं होतं. गावातल्या बायकांनी मुलांचे हात शालीखाली ओढून घेतले.

पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. “मला पोरं आहेत,” एवढंच आर्गेनला म्हणाला. मग दुसरा उतरला, मग सगळे. अन्न आणि तंबू वर जाईनात, तर शर्यत कशी जाणार? आर्गेनने पाहुण्यांना सांगितलं की पावसाने रस्ता खचलाय. आभाळ निळंशार होतं. ते लोक दुपारपर्यंत मैदानातच घिरट्या घालत राहिले. निळी खोपटी भरून वाहिली, आणि तो वास आठवडाभर आमच्या उशा-पांघरुणांत होता.

जाताना आर्गेन शारशेनआकेंना म्हणाला, “माझा बाप असता तर तुमच्या तोंडावर थुंकला असता.”

“थुंकू दे. पाण्यात नाही ना.”

शर्यत डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गेली. तिथेही झरे आहेत आणि तिथलेही लोक हसत असतील. आमच्याकडे बुरुलचाच्या पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या पडल्या. आणि शारशेनआकेंना दुव्यासाठी बोलावणं थांबलं. कोणी भांडलं नाही. लोक रस्त्यात वाकून नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे, आणि मुलगी सासरी निघाली की मामिरकानला बोलवायचे. ज्यांच्या घरचा पाट आता स्वच्छ वाहत होता तेच. मला त्यांची किळस यायची, अजून येते.

शरदात त्यांची नात आयजार्किन नर्सिंग शिकायला शहरात निघाली. सामान चढलं. शारशेनआके अंगणात कोरी टोपी घालून उभे होते. फाटकातून मामिरकान आला. मी बुरुलचाला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, हे काय? ती मला थोरल्या बहिणीसारखी एजे म्हणते. म्हणाली, “एजे, माझी एकच मुलगी आहे.”

मामिरकानने बोटांची चरबी पँटला पुसली आणि तळवे उघडले. शब्द त्याला धड येत नव्हते. शारशेनआके फाटकाशी बायकांच्या मागे उभे राहिले आणि त्यांनीही तळवे उघडले, आभाळाकडे, सगळ्यांसारखे. ओमिन म्हणाले. मुलीने गाडीत चढताना आजोबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आत बसली.

मग मामिरकान जेवायला थांबला. मानाच्या जागी बसला. पाहुण्याच्या हातांवर पाणी घालायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पुरुषाचं. बुरुलचाचा नवरा रशियात, घरात दुसरा पुरुष नाही. शारशेनआकेंनी झारी उचलली, गुडघे टेकले आणि त्या तेलकट हातांवर धार धरली.

“पाणी फार गार आहे रे, शारशेन,” मामिरकान म्हणाला.

शारशेनआकेंनी टॉवेल पुढे केला. मांडलेल्या भाकरीला हात न लावता उठणं हा इथे घराचा अपमान मानला जातो. मी हात न लावता उठले.