कच्च्या माशाची कोशिंबीर

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कच्च्या माशाची कोशिंबीर. हे लिहितानाही माझ्या तोंडाला पाणी सुटतंय, पण ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म कोकणातल्या एका बंदरावर बर्फाच्या कारखान्यात गेला. लाद्या फोडायच्या, होड्यांवर चढवायच्या. मासा बर्फात ठेवतात तो घरी नेऊन शिजवेपर्यंत टिकावा म्हणून. बर्फातून काढला की तोंडात टाकला, असं आमच्या बंदरावरची मांजरंसुद्धा करत नव्हती. ती आधी उन्हात ओढून न्यायची.

परदेशात, वॉलॉंगॉंगला मुलाकडे आम्ही थोडे महिने राहायला आलो आणि कोरोनाने विमानं बंद झाली. अडकलो. त्यातच हिच्या किडन्या गेल्या. औषधांनी तोंडाची चव गेली आणि नाक मात्र तिखट झालं. जिने जन्मभर सुरमई तळली, तिला नुसतं तेल तापलं तरी उमासे यायचे. आधी भात सुटला, मग पेजही नको झाली. डॉक्टर फोनवर म्हणाला, जे जाईल ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या. तेव्हापासून घरात एकच विषय, आज ही काही खाणार का.

सून घरूनच काम करायची. तिने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला. तिकडे उत्तरेला, बर्फाच्या मुलखात इन्युइट म्हणून लोक राहतात. ते गोठलेला मासा तसाच कापून खातात. सून म्हणाली, आपण त्याची कोशिंबीर करू, फोडणी नाही, वास नाही. मी म्हटलं, माणसं आहेत की बगळे? तर ही खाटेवरून म्हणाली, तिकडे झाड उगवत नाही, ते काय जाळणार? आणि बर्फातली माणसं आहेत, म्हणजे तुमच्याच धंद्यातली. बऱ्याच दिवसांनी ती हसली, म्हणून मी हो म्हटलं.

सुनेने मासेवाल्याला सांगून कच्चा खायचाच मासा आणला होता. किडे मरावेत म्हणून तो आधी बरेच दिवस गोठवलेला असतो म्हणे. म्हणजे किडे खायचेच, फक्त मेलेले. बाहेरून रावसासारखा, आतून गाजरासारखा. त्याचा बर्फ अर्धवट सुटला की तो कागदासारखा पातळ कापायचा, आणि कापणार कोण तर मी. घरात सुरीला हात माझाच बरा. ही टेबलाशी खुर्चीत, अंगावर शाल, नाकाला पदर. काकडी तिने कापली, जाड जाड. पूर्वी अशी मी कापली असती तर दिवसभर ऐकलं असतं.

मी तुकडे ताटात काढले आणि सवयीने हात डब्याकडे गेला. मीठ, हळद. चोळून मोकळा झालो, तेव्हा सून ओरडली, "बाबा, अहो काय केलंत!" सगळं पिवळंधमक. मग ते चाळणीत धुतलं, तर तुकडे लिबलिबीत झाले, बोटाला चिकटायला लागले. सून दुसरा तुकडा फ्रीजरमधून काढायला निघाली.

ही म्हणाली, "राहू दे गं. हळद लावली नाही तर त्यांना झोप लागायची नाही."

वर लिंबू पिळलं, कांदा, काकडी, आणि निळी बोरं, सून ब्लूबेरी म्हणते ती. माशात बोरं! शेवटी सुनेने एका पुडीतून वाळवलेलं शेवाळ काढून चुरडलं. होडीच्या बुडाचं खरवडून आम्ही फेकतो ते, इथे पैसे देऊन आणतात. लिंबाने मासा कडेने पांढरा पडायला लागला, बोरांचं निळं पाणी त्या हळदीत उतरलं. जखम पिकल्यावर दिसते तसं ते दिसत होतं.

हिने एक तुकडा उचलला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. चावला, गिळला. थांबली. उमासा आला नाही. दुसरा घेतला. वाटी अर्धी केली तिने. सून दाराआड जाऊन डोळे पुसून आली.

मग हिने एक तुकडा माझ्यापुढे धरला. "जन्मभर तुमच्या आवडीचं शिजवलं. आज माझ्या आवडीचं न शिजवता खा."

मी तोंड फिरवलं. नाही खाल्लं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, किळस ती किळस. तीही काही रुसली नाही. उरलेलं डब्यात भरून तिने स्वतः झाकण लावलं आणि म्हणाली, उद्या सकाळी खाईन.

संध्याकाळी तिला दम लागला. अॅम्ब्युलन्सवाले प्लास्टिकचे झगे घालून आले, बरोबर कोणाला येऊ दिलं नाही. पहाटे हॉस्पिटलचा फोन आला, मुलाने घेतला. तो काही बोलायच्या आधीच मला कळलं.

आमच्यात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भात आणून देतात. इथे मुलाचे मराठी दोस्त सगळे लांब वेंटवर्थव्हिलकडे, आणि घरापासून ठरावीक किलोमीटरपलीकडे जायला बंदी. कोण येणार? सून म्हणाली, बाबा, दोन ब्रेड तरी खा. मुलाने फ्रीज उघडला, तो डबा काढला आणि कचऱ्याकडे निघाला.

"इकडे दे."

"बाबा, सुतक आहे. मासा खातात का?"

"तुझ्या आईने आजच्यासाठी ठेवलाय."

त्याने डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी झाकण काढलं. रात्रभरात पाणी सुटलं होतं, हिरवट-पिवळं. मासा थंडगार, जिभेवर दुसऱ्याची जीभ ठेवल्यासारखा. पहिला घास वर आला, तो परत गिळला. दात लावले की तुटायचा नाही, सरकायचा. बोरं फुटून त्यांचं आंबट घशात गेलं. तिला हे कसं आवडलं, देव जाणे. एकेक करून सगळे तुकडे संपवले, तिने जाड कापलेली काकडीसुद्धा.

डब्याच्या तळाशी राहिलेलं शेवाळ मात्र नाही खाल्लं. ते बेसिनमध्ये टाकलं आणि नळ सोडला.