टाकीबाई

चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर आम्हाला विमान शिकवणाऱ्या बाईंना सगळे विद्यार्थी पाठीमागे टाकीबाई म्हणत. उड्डाणाआधी त्या दोन्ही पंखांवरची झाकणं उघडून, टाकीत डोकं खुपसल्यासारख्या वाकून इंधन बघत. "काटा टाकी भरलेली दाखवतोय," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "काटा काय म्हणते ते नको सांगू. तू पाह्यलं काय?"

त्यांचे वडील गडचांदूरला चुनखडीच्या खाणीत डंपर चालवायचे. रेडिओवर बाईंचं इंग्रजी कडक इस्त्रीचं, आमच्याशी मात्र घरचीच बोली. धानोऱ्याहून आलेली मी वर्गात तोंड उघडत नसे. बाई बोलल्या आणि मला धीर आला.

आमच्या विमानाचं इंजिन एका वेळी एकाच टाकीतून इंधन घ्यायचं. ठरावीक वेळाने खटका फिरवून दुसरी टाकी लावावी लागे. एका दुपारी गडचिरोलीकडून परतताना ढगांना वळसे घालण्याच्या नादात मी ते विसरले. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. खाली नजर पोचेल तिथवर जंगल. माझा हात उगाच रेडिओकडे गेला. बाईंनी मनगट धरलं.

"नाक खाली घे. पंप लाव. आता टाकी बदल."

मी खटका फिरवला. इंजिन दोनदा अडखळलं आणि धरलं.

आम्ही सुखरूप उतरलो. माझं शिक्षण संपलं, असंच वाटलं. पण कार्यालयात बाईच आधी बोलल्या, "जबाबदारी माझी होती. मीबी ढगच पाहत राह्यली." मग बाहेर पायरीवर बसून त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्या हातात ठेवली.

"माझी मैत्रीण अशीच गेली," त्या म्हणाल्या. "एक टाकी भरलेलीच होती तिची." मग डबा बंद करत म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. आपण दोघीच जाऊ."

मी गेले. म्हणूनच आज मी त्याच धावपट्टीवर शिकवते.

मागच्या वर्षी बाईंच्या हृदयात दोष निघाला आणि विमान चालवण्याची त्यांची परवानगी गेली. त्या धावपट्टीकडे फिरकेनात. मीच घरी जाऊन त्यांना घेऊन आले, शेजारी बसवून वर नेलं. वैनगंगा आली, तशी खालची वाळू दाखवायला मी वळले.

बाई खिडकीला डोकं टेकून, मंद घोरत गाढ झोपल्या होत्या.